झाड जाते आणि मीठ वर येते

वाफेच्या इंजिनाला गोडे पाणी लागते. पाण्यात क्षार असले की बॉयलरच्या आतून खपल्या धरतात, पाणी फेसाळते, नळ्या गंजतात. त्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियात रेल्वे आली, तेव्हा मार्गालगत पावसाचे पाणी साठवण्याची सोय करणे भागच होते. पुढे असे दिसू लागले, की आसपासचे रान तोडून शेती सुरू झाली, की काही वर्षांत ओढ्यांचे आणि साठवलेल्या पाण्याचे खारेपण वाढते. समुद्र तर तिथून शंभर-दोनशे किलोमीटर लांब. रेल्वेतले एक अभियंता, डब्ल्यू. ई. वूड, या प्रश्नाच्या मागे लागले. १९२४ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. मूळची झाडे-झुडुपे नष्ट केली, की जमिनीतले आणि ओढ्यातले मीठ वाढते, आणि हे मीठ आधीपासून जमिनीच्या पोटातच साठलेले असते, असे त्यांनी सांगितले.

शंभर वर्षांनंतरही हे स्पष्टीकरण मुळात बरोबर ठरले आहे. त्या वेळी ते धोरण ठरवणाऱ्यांनी मनावर घेतले नाही, आणि त्याची किंमत आज तिथले जंगल आणि तिथल्या पाणथळ जागा मोजत आहेत. जंगलतोड आणि खारेपण यांचे नाते समजून घ्यायला नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही, म्हणून तेच सावकाश उलगडून पाहू.

पर्थ शहराच्या पूर्वेला आणि आग्नेयेला पसरलेल्या गव्हाच्या प्रदेशाला ‘व्हीटबेल्ट’ म्हणतात. हा नूंगार लोकांचा मूळ मुलूख. पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर. उन्हाळा कोरडा आणि कडक. वर्षाचा पाऊस बहुतेक ठिकाणी ३०० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशासारखा. इतक्या थोड्या पाण्यावर सॅमन गम, यॉर्क गम, वांडू अशी निलगिरीच्या कुळातली उंच झाडे आणि त्यांच्याखाली शेकडो जातींची झुडुपे उभी होती. पश्चिमेला, जास्त पावसाच्या डोंगराळ पट्ट्यात, जॅराह नावाच्या कठीण लाकडाच्या झाडाचे दाट जंगल. या साऱ्या नैर्ऋत्य भागात मिळून सुमारे १.८ कोटी हेक्टर जमीन शेतीसाठी मोकळी केली गेली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून हे अधिक आहे.

आता मीठ आले कुठून, ते पाहू. समुद्रावरून येणारा वारा लाटांचे तुषार उचलतो. त्यातले मीठ अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने ढगांबरोबर आत जाते आणि पावसाबरोबर खाली पडते. किनाऱ्याजवळ ते वर्षाला हेक्टरी शंभर-दोनशे किलो भरते, आत खोलवर वीस-पंचवीस किलो. प्रमाण किरकोळ वाटते. पण मधल्या पट्ट्यासाठी वर्षाला ५० किलो धरा आणि १०,००० वर्षांनी गुणा. हेक्टरी ५०० टन होतात. प्रत्यक्षातही तिथल्या मातीत हेक्टरी शेकडो टन मीठ सापडते, काही ठिकाणी हजाराच्या पुढे.

इतरत्र हेच मीठ नद्यांवाटे पुन्हा समुद्रात गेले असते. इथे ते गेले नाही, याला दोन कारणे. एक म्हणजे हा भूभाग फार जुना आहे. कोट्यवधी वर्षे झिजून तो जवळजवळ सपाट झाला आहे, दऱ्या रुंद आणि उथळ आहेत, नद्यांना उतारच नाही. ग्रॅनाइटच्या खडकावर वीस-तीस मीटर जाडीची, कुजून चिकणमाती झालेली खडकाची साल आहे, आणि तीत शिरलेले पाणी पुढे सरकता सरकत नाही. दुसरे कारण म्हणजे झाडे.

पावसाचे पाणी मातीत मुरते तेव्हा ते मीठ घेऊनच उतरते. मुळे पाणी शोषतात, मीठ मात्र बाहेर ठेवतात. पाणी पानांवाटे हवेत जाते आणि मीठ मुळांच्या टप्प्याच्या खाली मागे राहते. वर्षानुवर्षे असे होत गेले. वरचे काही मीटर गोडे, त्याखाली मिठाचा साठा, आणि त्याच्याही खाली, वीस-तीस मीटरवर, खारे भूजल. तिन्ही आपापल्या जागी होते, कारण खाली जाणाऱ्या पाण्याचा हिशेब झाडे दरवर्षी पुरा करत होती.

हा हिशेब नीट समजला पाहिजे. गव्हाच्या पट्ट्यातली मूळ झाडे सदाहरित आहेत. हिवाळ्यात पाऊस पडतो तेव्हा ऊन कमी असते, त्यामुळे पाणी मातीत साठते. उन्हाळ्यात पाऊस नसतो, पण झाडे पाणी ओढतच असतात, आणि ते याच साठ्यातले. जॅराहची मुळे चाळीस मीटर खोल गेल्याचे मोजले गेले आहे. उन्हाळा संपेपर्यंत मातीचा रांजण रिकामा होतो आणि पुढच्या हिवाळ्याचा पाऊस घ्यायला तयार राहतो. त्यामुळे भूजलापर्यंत पोचणारे पाणी नगण्य असते, वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर.

आता तिथे गहू पेरा. गव्हाची पेरणी मे-जूनमध्ये, कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मुळे मीटर-दीड मीटर. ज्या उन्हाळ्यात पाणी ओढायला हवे, त्याच उन्हाळ्यात शेत रिकामे. मातीतले पाणी तसेच राहते आणि पुढच्या पावसाला जागा उरत नाही. जादा झालेले पाणी खाली झिरपते. हे प्रमाण पावसाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे वर्षाला पंधरा ते साठ मिलिमीटर.

वीस-तीस मिलिमीटर म्हणजे बोटभर पाणी. एवढ्याने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण भूजल मोकळ्या टाकीत नसते, ते मातीच्या कणांमधल्या पोकळीत असते. ती पोकळी दहा टक्के धरली, तर ३० मिलिमीटर पाणी पातळी ३०० मिलिमीटरने, म्हणजे एका फुटाने वर ढकलते. हे दरवर्षी होत राहिले, तर पन्नास वर्षांत पंधरा मीटर. आणि वर येताना हे पाणी त्या साठलेल्या मिठातून येते, ते विरघळवत येते.

पातळी जमिनीपासून साधारण दोन मीटरच्या आत आली, की खेळ बदलतो. मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढते, यालाच केशाकर्षण म्हणतात. पृष्ठभागाशी येताच उन्हाने त्याची वाफ होते. पाणी उडते, मीठ राहते. खालून पाण्याचा पुरवठा अखंड, म्हणून मिठाचाही अखंड. पहिल्यांदा पीक पिवळे पडते. मग त्या तुकड्यात खारे सोसणारे रानटी बार्लीचे गवत माजते. त्यानंतर सॅम्फायर नावाची, पाने नसलेली, लाल-हिरव्या गाठीगाठींच्या कांड्यांची वनस्पती पसरते. शेवटी तीही जाते आणि उघडी, वरून पांढरी झालेली जमीन उरते. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशी गंभीरपणे खारावलेली जमीन सुमारे १० लाख हेक्टर आहे.

हे सगळे कळूनही थांबले का नाही? माझ्या मते याचे मोठे कारण मधला काळ आहे. झाड तोडले आणि दुसऱ्या वर्षी मीठ वर आले, असे झाले असते, तर कोणालाही संबंध दिसला असता. इथे वडील रान तोडतात, भरघोस गहू काढतात, आणि मुलाच्या किंवा नातवाच्या हयातीत खालच्या वावरात पांढरे डाग पडतात. शिवाय तोड वरच्या उतारावर होते, मीठ खालच्या सखल भागात दिसते, बऱ्याचदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत. आणि सरकार तर तोडीला उत्तेजन देत होते. दोन्ही महायुद्धांनंतर परतलेल्या सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या. १९६० च्या दशकात ‘वर्षाला दहा लाख एकर’ ही अभिमानाची घोषणा होती. ठरावीक मुदतीत ठरावीक जमीन मोकळी केली, तरच ती नावावर होई. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जाड लोखंडी साखळी बांधून ती रानातून ओढत नेत, झाडे मुळासकट आडवी होत, मग ढीग करून पेटवून देत. नियम पाळणारा शेतकरीच जमिनीचा नाश करत होता. त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही, दोष त्या नियमाचा.

मधला काळ किती असतो, हे मोजण्याचा एक धीराचा प्रयोग कॉली नदीच्या खोऱ्यात झाला. १९७० च्या दशकात तिथे जंगलातले काही छोटे पाणलोट निवडून आधी काही वर्षे त्यांची नुसती मोजदाद केली गेली, पाऊस, ओढ्याचे पाणी, भूजल, मीठ. मग काहींतले जंगल तोडून कुरण केले आणि काही जसेच्या तसे ठेवले. ‘वाइट्स’ नावाचा पाणलोट पूर्ण मोकळा केला. तिथे पाऊस जास्त आणि मीठ कमी, परिणाम लगेच दिसू लागला. ‘लेमन’ नावाच्या पाणलोटातले सुमारे निम्मे जंगल १९७६-७७ च्या सुमारास तोडले. इथे पाऊस कमी, भूजल खोल. ओढ्याच्या पाण्यात वर्षानुवर्षे फारसा फरक दिसेना. जमिनीखाली मात्र निरीक्षण-विहिरींतली पातळी दरवर्षी मीटर-दीड मीटरने चढत होती. सुमारे दहा-अकरा वर्षांनी ती तळाशी पृष्ठभागाला टेकली, आणि लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत असलेले ओढ्यातले मीठ झपाट्याने हजाराच्या पुढे गेले. त्या दहा वर्षांत तिथे नुसते उभे राहून पाहणाऱ्याला सारे ठीकच दिसले असते.

इथे एक फरक सांगितलाच पाहिजे, कारण तो न केल्यामुळे लाकूडतोडीवरचे वाद भरकटतात. लाकडासाठी जंगल तोडणे आणि शेतीसाठी जंगल उपटणे, या दोन्हींचा भूजलावरचा परिणाम सारखा नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या जंगलांत कागदाच्या लगद्यासाठी मोठ्या प्रमाणावर तोड सुरू झाली, तेव्हा ओढे खारे होतील, ही भीती रास्तच होती. तिथेही मोजमाप झाले. तोडीनंतर भूजल वर आले आणि ओढ्यातले मीठही थोडे वाढले. पण तोडलेल्या जागी रोपे पुन्हा वाढली, आणि दाट वाढणारी तरुण झाडे पाणी भरपूर ओढतात. काही वर्षांनी पातळी वळली आणि परत उतरू लागली. जास्त पावसाच्या भागात मातीतले मीठ मुळात कमी, म्हणून तिथे धोका थोडा. पण वर्षाला ९०० मिलिमीटरच्या खाली पाऊस असलेल्या जंगलात मिठाचा साठा मोठा आहे. तिथे तोड करताना ओढ्यांच्या दोन्ही काठांचे पट्टे राखणे आणि एका पाणलोटात एकदम सगळे न तोडणे, याला पर्याय नाही.

याचा अर्थ लाकूडतोड निरुपद्रवी, असा अजिबात नाही. जॅराहच्या जंगलात फायटॉफ्थोरा नावाचा मुळे कुजवणारा रोगकारक जीव आहे. तो मातीतून पसरतो, आणि तोडीच्या रस्त्यांवरून, यंत्रांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून तो नव्या जंगलात पोचला. त्याने मारलेली झाडेही पाणी ओढायची थांबतात आणि भूजल तिथेही चढते. जुन्या झाडांच्या ढोल्यांचा प्रश्न तर वेगळाच. कार्नबीचा काळा काकाकुवा व्हीटबेल्टमधल्या सॅमन गम आणि वांडूच्या मोठ्या ढोल्यांत घरटे करतो. तेवढी ढोली तयार व्हायला झाडाचे वय शंभराच्या पुढे जावे लागते. भूजलाला दहा वर्षांचे झाड चालते, काकाकुव्याला चालत नाही.

झाड परत आले तर मीठ परत खाली जाते, याचा पुरावा फार आधीच मिळाला होता. कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींना पाणी देण्यासाठी अभियंता सी. वाय. ओ’कॉनर यांच्या आराखड्यानुसार हेलेना नदीवर मंडेरिंग धरण बांधले गेले आणि १९०३ मध्ये पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनने पाणी सुरू झाले. धरणात जास्त पाणी यावे, म्हणून पाणलोटातल्या हजारो हेक्टरांवरच्या झाडांची साल गोल सोलून ती उभ्याउभ्या वाळवली. पाणी वाढले, पण खारे होऊ लागले. मग झाडे वाळवणे थांबवले, जंगल पुन्हा वाढू दिले, आणि खारेपण उतरले. हे सगळे वूड यांच्या लेखाच्याही आधीचे!

खाऱ्या पाण्यात झाडाचे नेमके काय होते? मीठ दोन वाटांनी मारते. मातीतले पाणी खारट झाले, की ते ओढून घ्यायला मुळांना जास्त जोर लागतो, पायाशी ओल असूनही झाड तहानलेले राहते. आणि सोडियम व क्लोराइड आत शिरून पानांत साठू लागले, की पानाची कड करपते. पण झाड सहसा एकट्या मिठाने मरत नाही. मीठ येते तेव्हा पातळी वर आलेली असते, म्हणजे मुळे पाण्यात बुडालेली असतात. पाण्यात बुडालेल्या मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. सोडियम बाहेर ठेवायला मुळांना ऊर्जा लागते, आणि ऊर्जेसाठी ऑक्सिजन. तो नसला, की मुळांचा हा पहारा ढिला पडतो आणि मीठ आत घुसते. जे झाड नुसते मीठ सोसते आणि जे नुसते दलदल सोसते, तेही दोन्ही एकत्र आल्यावर टिकत नाही. झाड मरू लागते ते शेंड्याकडून. वरच्या फांद्या उघड्या पडतात, मग खोडावर खालच्या बाजूला कोवळ्या फुटव्यांचे झुबके येतात. हे फुटवे पाहून झाड सावरते आहे असे वाटते, पण बहुतेकदा ती शेवटची धडपड असते.

पाणथळ जागांचा नंबर या साऱ्यात पहिला लागतो, कारण त्या खोऱ्याच्या तळाशी असतात. वर कोणीही झाड तोडले, तरी चढलेले भूजल आधी तिथे उघडे पडते. वरून ओढ्यांतून येणारे पाणीही वाटेतल्या खारावलेल्या शेतांतले मीठ धुऊन आणते. व्हीटबेल्टमध्ये मूळचीही काही खारी तळी होती, त्यांत तिथल्याच खास खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवांची वस्ती होती. त्यामुळे ‘तो प्रदेशच खारा’ असे म्हणून हात झटकणारे भेटतात. पण जुन्या खाऱ्या तळ्यांना ठरलेला ऋतू होता, ती भरत आणि आटत. आता भूजलामुळे ती बारमाही ओली राहू लागली, पूर्व भागात तर वर येणारे भूजल आम्लही आहे, त्याचा सामू चारच्या खाली जातो. तेव्हा जुन्या खाऱ्या तळ्यातले जीवही यात सुटले नाहीत.

गोड्या तळ्यात मीठ वाढू लागले, की आधी काय दिसते, तर पाणी नितळ होते. गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण तरंगत राहतात, मीठ त्यांना एकमेकांना चिकटवते आणि ते तळाशी बसतात. बघणाऱ्याला तळे स्वच्छ झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बेडूक, गोगलगायी, पाणकिड्यांच्या नाजूक जाती एकेक करून गेलेल्या असतात. मग पाण्याखालच्या गोड्या वनस्पती जातात, त्यांच्या जागी खारे सोसणाऱ्या मोजक्या जाती येतात. मीठ आणखी वाढले, की त्याही जातात आणि तळावर सूक्ष्मजीवांची जाडसर साय धरते. मोठी बदके खाऱ्या पाण्यावर तग धरतात, कारण त्यांना जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांत या ग्रंथी पुरेशा काम करत नाहीत. त्यांना गोडे पाणी हवेच. म्हणून तळ्यावर पक्षी दिसणे आणि तळ्यावर पक्षी वाढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पर्थपासून आग्नेयेला सुमारे २०० किलोमीटरवर तूलिबिन नावाचे तळे आहे, जेमतेम ३०० हेक्टरांचे. तळ्याच्या तळावरच शीओक आणि पेपरबार्क या झाडांचे वन उभे आहे. पाणी आले की झाडे गुडघाभर पाण्यात, आणि त्यांच्या फांद्यांवर पाणपक्ष्यांची घरटी. ठिपकेदार बदकासारखा दुर्मीळ पक्षी इथे वीण करतो. एके काळी व्हीटबेल्टमध्ये अशी तळी बरीच होती, आता तूलिबिन हे उरलेल्या अगदी शेवटच्यांपैकी एक. १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. पण त्याच्या पाणलोटातले जवळजवळ नव्वद टक्के रान तोडलेले आहे, आणि खालच्या अंगाला असलेले तारब्लिन तळे पाहिले, की तूलिबिनचे काय होणार होते ते कळते. तारब्लिनमध्ये नुसती वाळलेली खोडे उभी आहेत.

तूलिबिन वाचवण्याचे काम १९९० च्या दशकात हाती घेतले गेले. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पावसाळ्यातले पहिले पाणी सर्वांत खारे असते, कारण ते उन्हाळाभर वर साठलेले मीठ धुऊन आणते. पुढे मोठा पाऊस झाला, की येणारे पाणी बरेच गोडे. म्हणून तळ्याच्या तोंडाशी दरवाजा बसवला आणि बाजूने चर काढला. पाणी खारे असेल तेव्हा ते चरातून तळ्याला वळसा घालून खाली तारब्लिनकडे जाते, आणि गोडे असेल तेव्हा दरवाजा उघडून तळ्यात घेतले जाते. तळ्याखाली बोअर घेऊन पंप बसवले, ते खारे भूजल उपसून पातळी तळापासून खाली ठेवतात. वर पाणलोटात शेतकऱ्यांच्या मदतीने झाडे लावली. तळ्यातली काही झाडे गेली, पण काही भागांत नवी रोपे उगवून वर आली, आणि तळे अजून जिवंत आहे. एक तळे जिवंत ठेवायला यंत्रे सतत चालू ठेवावी लागतात, आणि पंप थांबले, की पातळी पुन्हा चढू लागते.

याच्या उलट उदाहरण डेन्मार्क नदीचे. युरोपातल्या देशाशी तिचा नावापुरताच संबंध, ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. तिच्या वरच्या खोऱ्यातल्या तोडीमुळे १९८० च्या दशकात पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर खारे झाले होते. त्याआधीच सरकारने १९७६ ते १९७८ या काळात कायदा करून वेलिंग्टन, मंडेरिंग, डेन्मार्क अशा काही पाणलोटांत आणखी तोड करायला बंदी घातली. शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली. पुढे डेन्मार्कच्या वरच्या खोऱ्यात निळ्या गमची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली, आणि नदी हळूहळू पुन्हा गोडी झाली. इथे ते जमले, कारण पाऊस बरा होता, जंगल बरेचसे शिल्लक होते आणि लागवडीला लाकडाचा भाव होता. कोरड्या व्हीटबेल्टमध्ये हे तिन्ही नाही. तिथे पाणलोटाच्या चार-पाच टक्क्यांवर झाडे लावून भूजल उतरत नाही, त्याला मोठा हिस्सा झाडांखाली आणावा लागतो, आणि गव्हावर जगणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडत नाही. म्हणून तिथे तेलासाठी मॅली या झुडूपवजा निलगिरीच्या ओळी, खोल मुळांचे लसूणघास, खाऱ्या जमिनीवर मेंढ्यांसाठी सॉल्टबुश असे मधले मार्ग चाचपले गेले. त्यांनी काही शेते सावरली, तळी थोडीच.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे, मरे नदीच्या खोऱ्यात, याच गोष्टीचे दुसरे रूप आहे. तिथल्या काठच्या रेड गमच्या जंगलांतून एकोणिसाव्या शतकापासून रेल्वेचे स्लीपर आणि बोटींसाठी लाकूड गेले. पण खालच्या खोऱ्यातल्या झाडांना जास्त मार बसला तो धरणांमुळे. मोठे पूर काठच्या मातीतले मीठ दर काही वर्षांनी धुऊन काढत. पूर कमी झाले, धुलाई थांबली, आणि आसपासची मॅली झुडुपे तोडल्याने व सिंचनाने भूजल वर आले. चोविला या पूरमैदानावर आता बांध घालून कृत्रिम पूर आणला जातो.

गेल्या पन्नास वर्षांत नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाचा हिवाळी पाऊस लक्षणीय घटला आहे. त्यामुळे काही भागांत भूजलाची चढण मंदावली, जॅराहच्या जंगलात तर ते इतके खाली गेले, की बारमाही ओढे आटले. मिठाची भीती थोडी कमी झाली आणि तहान वाढली. पण मिठाचा साठा जागेवरच आहे, एखाद्या ओल्या उन्हाळ्यात तो पुन्हा हलतो. १ जानेवारी २०२४ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात नैसर्गिक जंगलातली व्यापारी लाकूडतोड बंद झाली आहे. हा निर्णय मला योग्य वाटतो, पण ज्या जमिनीवर गहू उभा आहे, तिच्याखालचे पाणी त्याने उतरणार नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटले असेल. कृष्णा-पंचगंगेच्या काठी क्षारपड झालेल्या उसाच्या जमिनींचे कारण निराळे आहे. तिथे झाडे गेल्याने नव्हे, तर बारमाही जादा पाण्याने आणि निचरा नसल्याने पातळी वर आली. पण पुढची चाल तीच, दोन मीटरच्या आत पाणी, मग केशाकर्षण, मग मीठ. आणि मधला काळही तसाच फसवा, ऊस जोमात असतो तोवर खाली काय चालले आहे ते दिसत नाही. त्यावर उपाय सोपा आणि जवळजवळ फुकट आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आपल्या विहिरीतले पाणी जमिनीपासून किती खाली आहे, ते दोरी सोडून मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पातळी वर्षागणिक वर येत असेल, तर पांढरा थर दिसण्याची वाट न पाहता पाणी कमी करा, निचऱ्याचे चर मोकळे करा आणि बांधावरची झाडे राखा.